गच्चीवरची गाडी

न्यूझीलंडला जाऊन आलो असं सांगितलं की लोक आधी विचारतात, "किती खर्च आला?" आणि मग विचारतात, "मुलांनी त्रास दिला नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमचे हे देतात. दुसऱ्याचं माझ्याकडे आहे, आणि ते जरा लांब आहे.

2024 च्या एप्रिलमध्ये, शाळेला सुट्टी लागल्यावर, आम्ही चौघं तिथल्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन घेऊन फिरलो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचं घरच. झोपायची सोय, दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रीज, हात-दोन हातांचं स्वच्छतागृह. हॉटेल शोधायला नको, सामान रोज बांधायला नको. कल्पना यांची. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, मग भीती कसली, असं यांचं म्हणणं.

सासूबाईंना हे पटलं नाही. धारवाडकडच्या कानडीत त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, "मनी बिट्टु डब्ब्याग इराक इष्टु रोक्का कोडतीरेनु?" घर सोडून डब्यात राहायला एवढे पैसे! मला हसू आलं, पण मनात तोच प्रश्न होता.

शेवटी मी एक उपाय केला. गाडीची मापं मागवली आणि गच्चीवर खडूने तेवढा चौकोन आखला. लांबी सात मीटर, रुंदी सव्वादोन. आत पलंग, शेगडी, टेबल, दार, सगळं काढलं. रविवारी संध्याकाळी सहा ते नऊ कुणी रेघेबाहेर जायचं नाही, असं ठरलं. बाहेर पाऊस आहे असं समजायचं.

अर्ध्या तासात आमची दोघांची शेगडीपाशी दोनदा टक्कर झाली. मुलगी पुस्तक आणायला म्हणून तीनदा "पावसात" गेली. धाकट्याने पलंगाच्या रेघेवर बसून भोकाड पसरलं. पण त्या तीन तासांत पुष्कळ कळलं. कडक सुटकेस नकोत, कारण रिकाम्या ठेवायला जागा नाही. घडी होणाऱ्या कापडी बॅगा हव्यात. एकाने स्वयंपाक करायचा तेव्हा दुसऱ्याने मुलांना घेऊन बाहेर पडायचं. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. आपल्या उन्हाळ्यात तिकडे शरद ऋतू असतो, एप्रिलअखेर साडेपाच-सहालाच सूर्य मावळतो.

दुसरी परीक्षा चोर्ला घाटात झाली. गोव्याला जाताना धाकट्याला घाटात उलट्या झाल्या. तसं ते नेहमीचंच, पण या वेळी यांच्या खिशात प्रवासाचा कागद होता. बारा दिवस, अठराशे किलोमीटर, आणि मधोमध लाल शाईने गोल केलेलं मिलफर्ड साउंड.

त्या लाल गोलामागे एक गोष्ट आहे. माझ्या सासऱ्यांचं धारवाडला कापडाचं दुकान होतं. तिथे एका जुन्या कॅलेंडरवर मिलफर्डचं चित्र होतं. पाण्यातून सरळ वर उठलेला मायटर पीक. साल संपलं, पण ते चित्र कुणी उतरवलं नाही. हे लहानपणापासून ते बघत आले. सासरे 2021 मध्ये गेले. तिथे एकदा उभं राहायचं, एवढंच यांच्या मनात होतं.

पण क्वीन्सटाउनहून मिलफर्ड एका बाजूने तीनशेच्या आसपास किलोमीटर, शेवटी डोंगरातला वळणावळणाचा रस्ता. घाटातली परीक्षा आम्ही नुकतीच नापास झालो होतो. मी काही बोलले नाही. गोव्याहून परतल्यावर यांनीच कागद काढला आणि लाल गोलावर काट मारली. त्या रात्री जेवताना ते फारसे बोलले नाहीत. सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "अवरु हुब्बळ्ळी दाटि होगलिल्ला, चित्रा नोडकोंतनं खुषी इद्रु." सासरे हुबळीपलीकडे कधी गेले नाहीत, चित्र बघतच आनंदात होते. यांनी मान खाली घातली आणि ताटातला भात संपवला.

नवा कागद सोपा होता. क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, मग ओमारूला समुद्राकडे, आणि परत. सगळा फेरा सुमारे आठशे किलोमीटर. एका दिवशी तीन तासांपेक्षा जास्त गाडी नाही, आणि दर तासाला थांबायचं, हा नियम.

बाकीच्या तयारीत ज्या गोष्टी उशिरा कळल्या त्या सांगते. सात वर्षांखालच्या मुलाला तिथे मान्यताप्राप्त बालआसन सक्तीचं आहे, आणि व्हॅनच्या प्रत्येक सीटवर ते बसत नाही. गाडी ठरवतानाच विचारून घ्यावं. डिझेल गाडीला भाड्याव्यतिरिक्त किलोमीटरमागे रस्त्याचा कर पडतो, तो हिशेबात धरावा. वाटेत एकेरी पूल येतात. लाल बाण आपल्या बाजूला असला तर आपण थांबायचं. सांडपाणी आणि संडासाची टाकी ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करायची. ते काम यांनी तक्रार न करता केलं, हे इथे छापून आलेलं बरं!

आणि खाणं. तिथे विमानतळावर खाद्यपदार्थांची तपासणी कडक असते. अर्जावर न लिहिता काही नेलं तर जागच्या जागी 400 डॉलर दंड. मध, दूध-तुपाचे पदार्थ, बिया यांबाबत नियम जास्तच कडक. सासूबाईंनी पोरांसाठी आणलेला बेळगावचा कुंदा म्हणून घरीच राहिला. मेतकूट आणि चटणीपूड अर्जावर लिहून नेली. अधिकारीबाईंनी वास घेतला, हसल्या आणि जाऊ दिलं. तांदूळ, डाळ क्राइस्टचर्चच्या भारतीय दुकानात मिळाली. दोन लिटरचा कुकर मात्र घरचा.

टेकापोला तीन रात्री राहिलो. हिमनदीने दगड दळून केलेली पीठासारखी पूड पाण्यात तरंगते, म्हणून त्या तळ्याचा रंग दुधात निळं कालवल्यासारखा दिसतो. एक दिवस पाऊस पडला. आम्ही दिवसभर गाडीत होतो, आणि मुलांनी कुरकुर केली नाही. "आई, गच्चीपेक्षा इथे जागा जास्त आहे," मुलगी म्हणाली. माउंट कुकला किआ पॉइंटची पायवाट मोठ्यांना जाऊन-येऊन तासाची. आम्हाला अडीच तास लागले, कारण धाकटा प्रत्येक दगडाशी बोलत होता. कुणालाही घाई नव्हती.

टेकापोच्या आसपासचं आकाश 2012 पासून काळोखासाठी राखून ठेवलेलं आहे. शेवटच्या रात्री यांनी मुलीला ब्लँकेटमध्ये गुंडाळून बाहेर नेलं. तिने पश्चिमेला बोट दाखवलं, "अप्पा, मृग नक्षत्र उलटं झालंय!" खरंच, आपण पृथ्वीच्या खालच्या बाजूला, म्हणून आपलं मृग तिथे डोकं खाली करून होतं. हे बराच वेळ तसेच उभे होते. मी धाकट्यापाशी आत बसून खिडकीतून बघत होते.

मिलफर्ड राहिलं ते राहिलंच. त्याचं यांना वाईट वाटतं, मलाही वाटतं. परत आल्यावर यांनी पोस्टात आवर्ती ठेव उघडली आहे. धाकटा दहा वर्षांचा झाला की मोडायची, असं ठरलंय. तोपर्यंत त्याला चोर्ला घाट उलटीशिवाय पार करायला शिकवायचं काम माझ्याकडे आहे.