दोन दगड आणि एक पिवळी नॅनो

इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांत होस्टेलच्या भिंतीवर माझ्याकडे एकच पोस्टर होतं. पोर्शे 911. लाल. रूममेटच्या बाजूला नट्या असायच्या आणि त्या दर सेमिस्टरला बदलायच्या, माझी पोर्शे मात्र शेवटपर्यंत टिकली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात त्या पोस्टरचाही थोडा हात आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑनसाईटला स्टुटगार्टला होतो, म्हणजे पोर्शेच्या माहेरीच. तिथे आमच्या टीममधल्या एका सिनिअरकडे (मूळचे नाशिकचे, वीस वर्षं तिकडेच) 1980 च्या दशकातली एक जुनी 911 होती. एका शनिवारी त्यांनी मदतीला बोलावलं. मी उडतच गेलो. वाटलं, फिरवून आणतील. कसलं काय! दिवसभर गाडी जागेवरच होती, आम्ही फक्त ती वर उचलत होतो.

गाडी इतकी बुटकी की साधा जॅक खाली जाईचना. आधी फळ्या टाकून चाकं तीन-चार इंच वर चढवली, मग जॅक. इंजिनाखालच्या तेलाच्या प्लेटला जॅक लावायचा नाही, ती पातळ असते. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्यामुळे सगळं वजन मागे. एका बाजूला मागच्या पॉइंटवर जॅक लावला की त्या बाजूचं पुढचं चाकसुद्धा हळूच जमीन सोडतं. हे सगळं सुरू व्हायच्या आधी दादांनी पुढच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे लावले होते. मी विचारलं, हँडब्रेक आहे ना? ते हसले. "हँडब्रेक कुठल्या चाकांवर असतो?" म्हणाले. मी "मागच्या" म्हटलं आणि विषय तिथेच सोडला. पुढचा अर्धा विचार करायचा राहूनच गेला.

तो या दिवाळीत पूर्ण झाला. वर्ध्यात, आमच्या घराच्या अंगणात.

आमच्याकडे बाबांची नॅनो आहे. पिवळी, 2010 ची. टाटांनी ही गाडी 2008 च्या जानेवारीत दिल्लीला दाखवली तेव्हा बाबा देवळीला शाळेवर होते. ते पेपरातलं कात्रण त्यांनी अजून जपून ठेवलंय. 2018 ला नॅनो बनायची बंद झाली, पण बाबांचं प्रेम काही बंद झालं नाही. 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, मागच्या सीटखाली. स्टेपनी पुढच्या बॉनेटमध्ये आणि पेट्रोलही तिथूनच भरायचं. हसू नका, पण इंजिन मागे आणि ताकद मागच्या चाकांना, या हिशोबाने आमची नॅनो आणि ती 911 एकाच गोत्रातल्या. फरक किमतीचा. असो.

तर गाडीला पंधरा वर्षं झाली, रजिस्ट्रेशन पुन्हा करून घ्यायचं, त्याआधी आरटीओत गाडी दाखवायची. आणि मागून येत होती खडखड. रेल्वेने रात्र काढून सकाळी घरी पोचलो तर चहाच्या आधीच बाबांनी तो आवाज ऐकवला. सायलेन्सरचा पत्रा ढिला असणार, मी छातीठोकपणे सांगितलं. मिस्त्री कशाला, मीच बघतो! (जर्मनीत पोर्शे उचलून आलेला माणूस...)

अंगणात शहाबादी फरशी आहे, खाली आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तडकते आणि दरवर्षी फरश्या इकडेतिकडे होतात. शिवाय पाणी जावं म्हणून गेटकडे थोडा उतार. गाडीचं तोंड गेटकडे. मी हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. आमच्याकडे आधी मारुती 800 होती, तिच्यावर हेच करायचो, कधी काही झालं नाही. मागचं डावं चाक जॅकने उचललं आणि खाली विटा रचल्या. गाडी ढिम्म. मग शेजारच्यांच्या ट्रॅक्टरचा बॉटल जॅक आणून उजवी बाजू उचलायला घेतली. बाबा टॉर्च धरून बाजूला बसले, हात आत घालून, मला नीट दिसावं म्हणून. मी मान खाली घालून बघत होतो.

"अहो, चहा झाला बाप्पा, थंडा होऊन राह्यला," आई आतून म्हणाली. बाबा टॉर्च खाली ठेवून उठले. मी म्हटलं, अजून दोन हिसके देऊ, म्हणजे नीट दिसेल.

दुसऱ्या हिसक्याला उजवं चाक जमिनीवरून सुटलं आणि गाडी पुढे सरकली. जोरात नाही, अगदी सावकाश, बैल जागचा हलतो तशी. जॅक कलंडला, विटांचा ढीग फुटला आणि मागचा भाग धाडकन खाली बसला. टॉर्चचा चुरा. गाडी वीतभर पुढे जाऊन थांबली.

आता लिहिताना सगळं स्वच्छ दिसतंय. हँडब्रेक मागच्या चाकांवर. गिअर कोणाला धरून ठेवतो? इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना, म्हणजे तीही मागचीच. एक चाक जमिनीवर होतं तोवर त्या एकाच्या ब्रेकवर गाडी उभी होती. ते उचललं आणि गाडीला धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. 800 चं इंजिन पुढच्या चाकांना फिरवायचं, त्यामुळे मागची बाजू उचलली तरी गिअर पुढची चाकं धरायचा. म्हणजे इतकी वर्षं मला माझ्या अकलेने नाही, 800 ने वाचवलं होतं.

बाबा काही बोलले नाहीत. कपबशी हातात तशीच. टॉर्चकडे बघत उभे होते, मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "तू इंजिनिअर हायेस ना?" चिडून नाही, खरंच विचारल्यासारखं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी बाबा गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना घेऊन आले. काकांनी फुटक्या विटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "विटेवर गाडी ठेवते का बे कोणी? वीट काय सांगून फुटते का?" गाडी आधी उतारावरून काढून सपाट जागी घेतली. मग पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड. जॅकखाली जाड, रुंद फळी, म्हणजे फरशी दबली तरी जॅक तिरपा व्हायला नको. उचलून झाल्यावर दोन्हीकडे लोखंडी घोड्या लावल्या, जॅक सैल करून वजन त्यांच्यावर दिलं. मग उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी चांगले हेलकावे दिले. "आता पडाची असंन तर पडू दे, मी बाहेर हाओ," म्हणाले आणि मगच आत शिरले. स्टुटगार्टच्या दादांनीही अगदी हेच केलं होतं, फक्त त्यांची घोडी चकचकीत होती.

पत्रा नव्हताच ढिला. सायलेन्सरच्या क्लॅम्पचा एक नट गेला होता. काकांनी खिशातूनच एक काढून लावला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.

आरटीओचं काम झालं. मी पुण्याला परत आलो. निघायच्या दिवशी स्टेशनवर सोडायला बाबा नॅनो घेऊन आले आणि वाटेत पेट्रोलला थांबले. पंपावरच्या पोऱ्याने बॉनेट उघडलं, तर स्टेपनीशेजारी चार दगड, नीट गोणपाटात गुंडाळलेले.

"काका, हे कायले ठेवले?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "याले विचार," म्हणाले.