पोटातला गोळा

'पोटात गोळा येणे' या वाक्प्रचाराचा अर्थ आम्ही वर्गात अनेक वर्षे 'अतिशय भीती वाटणे' असा सांगत आलो. विद्यार्थीही तो तसाच उतरवून घेत. त्यातले पोट आम्ही कधी खरे मानले नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावी, आमच्या घरात, ते पोट फार खरे होते. कोरडवाहू कपाशी आणि पेरणीआधीच काढलेले कर्ज. पावसाने ओढ दिली वा बँकेची नोटीस आली, की बाबांच्या पोटात कळा सुरू होत. आई ओवा देई. २००६च्या जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्याच पावसाळ्यात आम्ही बाबांना एका डॉक्टरांकडे नेले. तपासण्यांत काही निघाले नाही. "यांना काही झालेले नाही, मनाचे आहे," ते म्हणाले. परतताना एसटीत आम्हीही बाबांना तेच ऐकवले. त्यानंतर त्यांनी पोटाविषयी बोलणे सोडले.

पुढे काही वाचनात आले. आतड्याच्या अस्तरात, मज्जातंतूंच्या निकट, मास्ट पेशी नावाच्या प्रतिकारपेशी असतात. ताणाच्या वेळी शरीरात सीआरएच हे संप्रेरक स्रवते. त्याच्या इशाऱ्याने या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडू शकतात. मग अस्तराची वीण सैल होते, वेदना वाहणारे तंतू हळवे होतात. बेल्जियममधील लुव्हेन येथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी विद्यार्थ्यांना भाषण करायला लावले होते. त्या धास्तीने ज्यांचे कॉर्टिसॉल वाढले, त्यांच्या लहान आतड्याचे अस्तर अधिक झिरपू लागले. मास्ट पेशींना आवरणारे औषध आधी दिले असता तसे झाले नाही. तोंडी परीक्षेच्या दाराशी ताटकळलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना हे निराळे पटवून द्यावे लागणार नाही.

बाबांच्या आतड्यात नेमके हेच घडत होते, असे आम्हांस म्हणता येणार नाही. ते कोणी तपासले नाही, आणि अशा प्रत्येक दुखण्याचे हेच एक कारण असते असे शास्त्रही म्हणत नाही. शिवाय औषधाने कर्ज फिटत नाही. परंतु 'तपासणीत काही दिसत नाही' आणि 'काही झालेले नाही' ही दोन भिन्न वाक्ये आहेत. शब्दांवर उपजीविका करणाऱ्या आम्हांस हा भेद त्या एसटीतच कळायला हवा होता. बाबा साध्या शब्दांत 'पोट दुखते' म्हणत होते. आम्ही त्याचाही वाक्प्रचार करून टाकला.