यादीबाहेरचे पळणे

शिरूर कासारला आमच्या मोहल्ल्यात पळणे म्हणजे भरती. पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर पळावे लागते. वयाची अट ओलांडली की बूट कोपऱ्यात जातात. कुणी गॅरेजवर बसतो, कुणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघतो. आम्ही चौघे वय उलटलेले. तरी पळणे सुटले नाही. "भरती नहीं, इनाम नहीं, फिर भागते कायकू?" अम्मीचा सवाल रास्त होता. पोटाशी ज्याचा संबंध नाही ते गरिबाने का करावे?

मॅरेथॉनचा इतिहास मात्र कष्टकऱ्यांनीही घडवला आहे. १८९६ साली अथेन्सला पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुई पाणी वाहून पोट भरायचा. आजचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले. १९२० साली अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला फ्रान्ससाठी सुवर्णपदक मिळवणारा बुगेरा अल वाफी हा अल्जीरियाचा मुसलमान, मोटार कारखान्यातला कामगार. पुढे अमेरिकेत पैसे घेऊन धावला म्हणून त्याला हौशी स्पर्धांची दारे बंद झाली. भरल्या पोटी धावला तर हौस, पोटासाठी धावला तर गुन्हा! हा न्याय कुणाचा?

आमच्या शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात भरती झाला, तिथे त्याला मैदान मिळाले. २०२० साली दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. पण भरतीच्या दाराशीच थांबलेल्यांचे काय?

२०२४ च्या जानेवारीत आम्ही चौघे मुंबईला अर्धमॅरेथॉन धावलो. २१ किलोमीटर. शुल्काचे पैसे महिनोन्महिने साठवले होते. सीलिंकवर समुद्राचा वारा अंगावर आला तेव्हा पायांत गोळे होते, पण मन हलके होते. अनोळखी माणसे संत्र्याच्या फोडी हातावर ठेवत होती. इथे छाती मोजणारा कुणी नव्हता. कुणी कुणाला नापास करत नव्हते. आम्ही सव्वादोन तासांच्या पुढे-मागे पोचलो. पहिला कोण आला, ते नंतर कळले.

अम्मीच्या सवालाचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले. आयुष्यभर कुणी ना कुणी आमची निवड करायची किंवा नाही करायची. त्या सकाळी आम्हीच आमची निवड केली होती.

आता सिंदफणेच्या पुलावर पहाटे आमच्याबरोबर लहान पोरे असतात, दोन मुलीही. त्यांना भरती मिळो, ही आमची दुआ. पण निकालाच्या यादीत ज्याचे नाव नसते, त्याच्या दारावर दुसऱ्या पहाटे आम्ही थाप मारतो.