शिवून आलेलं जुनेर

मुलांनो, स्नेहसंमेलनाच्या आधीचे पंधरा दिवस तुमच्या बाईंच्या घरी काय चाललेलं असतं, ठाऊक आहे? खळ, पुठ्ठे, चमकी आणि रात्री बारापर्यंत शिलाई मशीनची खडखड!

गेल्या वर्षी आमच्या चौथीच्या वाट्याला आली साडेचारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली जत्रा. अमेरिकेत अशा जत्रा आजही भरतात. १९६३ साली लॉस एंजेलिसला फिलिस पॅटरसन नावाच्या शिक्षिकेने तशी पहिली जत्रा भरवली. प्रबोधनकाळातले कपडे घालून लोक तिथे दिवसभर हिंडतात, नाचतात, खातात. "एका शिक्षिकेला जमलं, मग मला का नाही?" असं मी मुख्याध्यापकांना म्हणाले आणि फसले!

राजा करणं सोपं हो. जरीचा पडदा पांघरला की झाला राजा. पण जत्रेत राजे असणार किती? मला १६ शेतकरी हवे होते.

शेतकरी म्हणजे गरीब आणि गरीब म्हणजे मातकट, फाटकं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. वर्गातल्या एका मुलीने आईचं जुनेर आणलं. लाल रंगाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. "बाई, याचा घागरा होईल का?" झाला की! मी तो शिवला, मग काठाला कात्रीने तीन ठिकाणी कापून हाताने टरकावला आणि वर चहाचा चोथा चोळला. "आता कशी खरी गरीब दिसतेस!" मी म्हटलं. ती काहीच बोलली नाही. घागरा घालून बघायला घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी घागरा परत आला. स्वच्छ धुतलेला. तिन्ही ठिकाणी लाल दोऱ्याने इतकं बारीक शिवलेलं, की फाटलं होतं कुठे ते शोधावं लागावं. "आई म्हणाली, मशीनमध्ये अडकून फाटलं असेल. बाईंना सांग, काळजी करू नका."

आता यावर मी काय बोलणार?

त्या संध्याकाळी वाचनालयातून आणलेलं चित्रांचं पुस्तक मी पुन्हा उघडलं. पीटर ब्रूगेल नावाच्या चित्रकाराने १५६७च्या सुमारास शेतकऱ्यांच्या लग्नाच्या जेवणाचं चित्र काढलं. आधी मी त्यात फक्त कपड्यांची बेतणी बघितली होती. आता नीट बघितलं. पंगत बसली आहे, दोघं जण एका दारावर ताटल्या मांडून वाढायला निघालेत. कपडे लाल, निळे. बायकांच्या डोक्याला पांढरीशुभ्र फडकी. खाली बसून बोट चाटणाऱ्या एका पोराच्या टोपीत तर चक्क मोरपीस! माझ्या कल्पनेतल्या चिंध्या तिथे नव्हत्याच.

असणार तरी कशा? त्या काळी कापड म्हणजे घाम. आतला सदरा तागाचा. आपला ताग नव्हे हं, आपण ज्याची चटणी करतो त्या जवसाच्या खोडातला धागा. खोडं भिजवायची, कुजवायची, बडवायची, विंचरायची, मग सूत कातायचं आणि मग कुठे माग! वरचे कपडे लोकरीचे. लाल रंग मंजिष्ठेच्या भावंडाच्या मुळांतून. निळा वोड नावाच्या झाडाच्या पानांतून, आणि त्यातला रंग तोच, जो आपल्या निळीत असतो. इंग्लंडमधल्या त्या काळच्या मृत्युपत्रांत आपला अंगरखा कुणाला द्यायचा, तेही लिहिलेलं सापडतं. असं कापड फाटलं तर कोण फाटकं ठेवेल?

मग आम्ही सगळं बदललं. सदऱ्यांना मांजरपाट आणलं. त्या सदऱ्याची कापणी मोठी हुशारीची: सगळे तुकडे चौकोनी, बगलेतसुद्धा एक छोटा चौकोन, म्हणजे हात वर होतो आणि चिंधीही वाया जात नाही. झिप काढून टाकल्या, कारण झिप गेल्या शतकातली. त्याऐवजी दाभणाने भोकं पाडून परकराची नाडी ओवली. नाडीच्या टोकांना मेण लावायचं मात्र विसरले आणि ऐन वेळी सोळाही जणांच्या नाड्या उसवल्या! लोकरीच्या जागी जाड चादरी वापरल्या, नाहीतर पोरं उकडून निघाली असती. मोरपिसावरून दोन भांडणं झाली. शेवटी तीन पिसं आणली.

संमेलन झाल्यावर त्या मुलीच्या आई भेटल्या. तोवर माझ्या पोटात गोळा होता. मी एकदम सांगून टाकलं, "ताई, ते मशीनमध्ये नव्हतं फाटलं. मीच फाडलं होतं. शेतकऱ्याचं वाटावं म्हणून."

त्या क्षणभर बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो बाई, शेतात काट्याला लुगडं अडकतंच. पण त्याच रात्री दिव्याशी बसून शिवतो आम्ही. सकाळी चार माणसांत जायचं असतं ना."

मी माफी मागितली. त्यांनी "असू द्या" म्हणत घागऱ्याची शिवण हातानेच उसवायला घेतली. कापड त्यांना गोधडीत घालायचं होतं.