वालच्या बांधावरून

नेदरलँड्समधल्या नायमेखेनचा पूल ओलांडून लेंटला यावं आणि वाल नदीच्या उत्तर बांधावरून पश्चिमेला सायकल हाकावी. डाव्या हाताला नदी, तिच्यालगत गाईंची कुरणं. उजवीकडे बांधाखाली बेतुवे भागातल्या सफरचंदांच्या, चेरीच्या बागा. सुट्टीला याहून निवांत मुलूख मिळणं कठीण. पण हा निवांतपणा माणसांनी भांडूनतंडून, सरकारी पैशाने उभा केला आहे, आणि ते जाणून फिरलं तर प्रवास अधिक रंगतो, असं माझं मत आहे. पुरावा बांधच देतो. सपाट रानात सरळ जायला कसलीच आडकाठी नसताना रस्ता अचानक कोयत्यासारखा वळतो आणि वळणाच्या कुशीत खोल डोह दिसतो. तिथे पूर्वी बांध फुटला होता. कोसळत्या पाण्याने खणलेला खड्डा बुजवण्यापेक्षा त्याला वळसा घालणं लोकांना सोपं वाटलं. मोहक वळणं, म्हणजे जुन्या पुरांच्या जखमा!

1995 च्या पुरात बांध टिकले, तरी ते फुटण्याच्या धास्तीने या नदीपट्ट्यातून सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर नुसते बांध उंच करत बसण्याऐवजी नदीलाच जागा द्यायचं ठरलं. लेंटला बांध 350 मीटर मागे सरकवून नदीची दुसरी शाखा खोदली. आज तिथे लोक पोहतात, वल्ही मारतात. कुणी म्हणेल, मग हा देखावा बनावटच की! याच नदीकाठच्या मिलिंगरवार्डमधले अर्धजंगली कोनिक घोडेसुद्धा मुद्दाम आणून सोडलेले. खरं आहे. पण पाणी कधी चढायचं हे आजही आल्प्सचं बर्फ आणि जर्मनीतला पाऊस ठरवतात. माणसाने फक्त त्याला पसरायला जागा केली.

दुसरा आक्षेप मात्र मला झटकता येत नाही. पाहुण्यांना रम्य वाटणाऱ्या या जागेसाठी लेंटमध्ये घरं पाडली गेली, आणि ज्यांची गेली त्यांना देखाव्याचं कौतुक सांगणं हा उद्धटपणाच. तरी दक्षिणेला बेर्गसे मास नदीकाठच्या ओव्हरडिपमध्ये वेगळं घडलं. तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच योजना मांडली: बांधालगत मातीचे उंचवटे करायचे, घरं आणि गोठे त्यांवर न्यायचे, उरलेल्या जमिनीत पूर येऊ द्यायचा. सगळ्यांना जागा पुरली नाही, काहींनी गाव सोडलं. जे राहिले, ते साधारण 25 वर्षांतून एकदा शेतं पाण्याखाली जातील हा हिशेब पत्करूनच गाई पाळत आहेत.