स्वर्गाचं मासिक बिल

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची. निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं, तरी कर्क आणि स्पॉकला सोडून कोणी हलायचं नाही. 1966 ते 1969 या काळातल्या त्या मालिकेत देवांची मोठी पंचाईत असे. एका भागात साक्षात ग्रीकांचा अपोलो भेटतो, पण तो निघतो पूर्वी पृथ्वीवर येऊन गेलेला परग्रहवासी. दुसऱ्या भागात लोक ज्या लँड्रूला भजतात, तो निघतो संगणक. आणि आमच्याच घरात कोणी गेलं, की दहा दिवस गरुडपुराण वाचलं जाई. वैतरणी, यमदूत, चित्रगुप्ताची वही. दोन्हींचं कधी भांडण झालं नाही.

‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका बरीच नंतर पाहिली. तिच्यातला 1962चा ‘द हंट’ हा भाग आपल्याला घरचाच वाटतो. मेलेला एक म्हातारा शिकारी कुत्र्याला घेऊन फाटकाशी येतो. दारवान म्हणतो, स्वर्ग हाच, पण कुत्र्याला मज्जाव. म्हातारा सरळ पाठ फिरवतो. पुढे कळतं, ते फाटक नरकाचं होतं. कुत्र्याला आतला वास आला असता, म्हणून तो नको होता. कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात न चढणारा आपला युधिष्ठिर आठवतोच.

आताचा स्वर्ग कंपनी बांधते. 2020 साली आलेल्या ‘अपलोड’ या मालिकेत मरणाऱ्याचं मन संगणकावर चढवून त्याला लेकव्ह्यू नावाच्या झकपक रिसॉर्टमध्ये ठेवतात. नायक नेथनचं बिल त्याची मैत्रीण भरते, म्हणून मेल्यावरही तो तिच्या मुठीत. गरिबांची सोय तळात, महिन्याला दोन जीबीवर. डेटा संपला, की माणूस जागच्या जागी थिजतो. ‘ब्लॅक मिरर’ मालिकेच्या ‘सॅन जुनिपेरो’ या भागात (2016) हीच सोय गोड वाटते, पण तिथेही नायिका केलीचा नवरा ती नाकारतो, कारण त्यांची मुलगी ही सोय निघण्याआधीच गेलेली असते.

दक्षिणा आणि गोदान पूर्वीही होतंच, हे खरं. तरी अखेरचा सवाल ‘कसा जगलास’ हाच होता. जुन्या मालिकांनी देवाला उघडं पाडलं, पण हा सवाल सोडला नाही. नव्या मालिकांतल्या कंपन्यांनी परलोक खरा करून दाखवला आणि सवालच खोडून टाकला. असल्या रिसॉर्टपेक्षा यमाचा दरबार बरा. तिथे राजाची आणि रंकाची वही निदान एकच होती.