पाठीवरचे घर

गोगलगाय आपले घर पाठीवर घेऊन हिंडते, म्हणून तिचे सर्वांना कौतुक वाटते. परंतु ते घर किती हलके आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते जड असते, तर ती बिचारी जागची हललीच नसती. ऐरोलीतील एका वृद्ध गृहस्थांना हे रहस्य उमगावयास मात्र अख्खा हिवाळा आणि निवृत्तीच्या पुंजीतील बरीच रक्कम खर्ची घालावी लागली.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात त्यांनी उभी हयात जोडारी म्हणून काढली होती. त्यांच्या पत्नी वर्षानुवर्षे आषाढी वारीला पायी जात. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि ओल्या जमिनीवर राहुटीत रात्र काढणे त्यांना अशक्य झाले. दिंडीबरोबर सामानाचे ट्रक असतात खरे. पण त्यांत भांडी, शिधा आणि राहुट्यांचे बांबू यांचीच दाटी. "निदान माळशिरसपासून वाखरीपर्यंतचे मुक्काम तरी घडावेत," एवढीच आजींची इच्छा होती. मुलापाशी एक लहान मालवाहू गाडी होती. तिच्या हौद्यात बसेल आणि काम संपताच उतरविता येईल, अशी एक खोली आपल्या हातांनी बांधावयाची, असे आजोबांनी दिवाळीनंतर ठरविले. 2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून फिरत्या घरांच्या वार्ता त्यांच्या कानी येत होत्या. पण तसले घर विकत घेणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते.

उतरविता येण्याची अट फार महत्त्वाची होती. गाडीच्या मूळ रचनेत बदल करावयाचा, तर परिवहन कार्यालयाची संमती घ्यावी लागते, हे एक कारण. आणि ती गाडी म्हणजे घरची दुभती गाय होती, हे दुसरे. मुलगा रोज पहाटे वाशीच्या बाजारातून तिच्यातून भाजी वाहून आणी. गाडीने वाहावयाच्या भाराला मर्यादा असते. लोखंडी सांगाडा आणि प्लायवूड यांची खोली केली, तर ती दोनशे किलोंच्या पुढे जाईल आणि चौघांना उचलणारही नाही, असा हिशेब निघाला. आजोबांनी कागद बाजूला सारला.

वाट सापडली ती दिवा कोळीवाड्यात. कोळणींच्या थर्मोकोलच्या खोक्यांत सकाळी भरलेला बर्फ सायंकाळपर्यंत टिकतो, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते. त्या दिवशी त्यांनी एक रिकामे खोके दोन बोटांवर तोलून पाहिले. थर्मोकोलमध्ये बहुतेक सारी हवाच असते. आणि कोंडलेली, निश्चल हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. ही युक्ती जुनीच आहे. 1833 साली बॉस्टनहून कलकत्त्यास एका जहाजातून बर्फ आला. भुसा, पेंढा अशा पोकळ वस्तूंच्या आवरणामुळे चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातील निम्म्याहून अधिक शाबूत होता!

पण थर्मोकोल नखाने कुरतडतो. त्याची भिंत उभी राहणार कशी? याचे उत्तर असे, की मऊ गाभ्याच्या दोन्ही अंगांना पातळ पण कठीण पापुद्रे चिकटवावयाचे. अशी फळी वाकू लागली, की एक पापुद्रा ताणला जातो, दुसरा दाबला जातो, आणि गाभा त्या दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतो. त्यामुळे फळी ताठ राहते. 1940 साली प्रथम उडालेल्या 'मॉस्किटो' या विमानाचे धडही असेच होते: बर्चच्या दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड. 1944 साली हिंदुस्थानात त्या जातीच्या काही विमानांचे पंख निकामी झाले, तेव्हा तपासात डिंकाचे जोड सदोष आढळले. अशा बांधणीचा सारा जीव त्या न दिसणाऱ्या जोडात असतो.

आजोबांनी थर्मोकोलचे तक्ते आणले, त्यांवर काचतंतूंचे कापड अंथरले आणि स्वस्तातले पॉलिएस्टर रेझिन ओतले. पाहता पाहता पाण्यात बत्तासा विरघळावा तसा थर्मोकोल विरघळून गेला! त्या रेझिनमधील स्टायरीन हे द्रव्य थर्मोकोलला गिळून टाकते, हे ज्ञान त्यांना असे महागात मिळाले. शेजाऱ्यांना हसावयास एक निमित्त मिळाले. आजी मात्र हसल्या नाहीत. "अहो, राहू द्या आता. मी घरूनच हात जोडीन," त्या म्हणाल्या. या शब्दांनी आजोबांना शेजाऱ्यांच्या हसण्याहून अधिक लागले.

त्यांनी पॉलियुरेथेन फोमचे तक्ते आणले. ते त्या रेझिनला दाद देत नाहीत. प्रत्येक फळी सपाट फरशीवर चिकटवून तिच्यावर रात्रभर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, की कोठे हवेचा फुगा राहू नये. कडा काचतंतूंच्या पट्ट्यांनी सांधल्या. श्वासोच्छ्वासासाठी एक झरोका खाली व एक वर ठेवला. फोम पेटतो, म्हणून आत चूल पेटवावयाची नाही, आणि गाडी चालत असता आत कोणी बसावयाचे नाही, असे दोन दंडक घातले.

वैशाखातील एका दुपारी खोली उन्हात ठेवून परीक्षा घेतली. आत बर्फाची लादी ठेवली होती. नात भिंतीवरून हात फिरवीत होती, ती एकदम ओरडली, "आजोबा, इथे पोळतंय!" आजोबांनी हात लावून पाहिला. तेथे एक लोखंडी बोल्ट आरपार गेला होता. लोखंड अशा फोमच्या सुमारे दोन हजार पट उष्णता वाहते. तेव्हा त्या करंगळीएवढ्या खिळीने उन्हाला हमरस्ताच मोकळा करून दिला होता. असे अकरा बोल्ट निघाले. आजोबांनी ते सर्व काढले, भोके बुजविली आणि फळीत लाकडी ठोकळे बसवून दोन्ही बाजूंनी असे आखूड स्क्रू मारले, की ते आत एकमेकांना भेटू नयेत. या कामात आणखी पंधरवडा गेला.

पुरी झालेली खोली जेमतेम शंभर किलो भरली. चौघांनी ती उचलून हौद्यात बसविली आणि पट्ट्यांनी आवळली.

आषाढात, भंडीशेगावच्या मुक्कामी, रात्री पावसाने झोडपावयास सुरुवात केली. आजोबा पट्ट्या तपासून परत येतात, तो आजींनी दिंडीतील दोन वृद्ध मैत्रिणींना खोलीत घेऊन दार लोटलेले. आतून तिघींच्या गप्पा ऐकू येत होत्या. आजोबांनी ती रात्र गाडीच्या पुढच्या बाकावर, पाय पोटाशी घेऊन काढली.